गाठीचे कुळ सांगणारा तपकिरी रंग

गर्भपिशवी काढून आठवडा झालेला असतो, टाके सुकत आलेले असतात आणि तपासणीचा कागद हातात पडतो. घरातले सगळे त्यात एकच गोष्ट शोधत असतात, कॅन्सर आहे की नाही. कागदावर दोन परिच्छेद इंग्रजी मजकूर असतो आणि निदानाच्या जागी एवढेच लिहिलेले असते : ‘सेल्युलर स्पिंडल सेल ट्यूमर, आयएचसी करावे.’ म्हणजे आणखी काही हजार रुपये आणि आणखी आठ-दहा दिवसांचा घोर. तुकडा त्यांच्याकडे आहे, सूक्ष्मदर्शक आहे, बघणारा डॉक्टर शिकलेला आहे. मग एकदा नीट बघून सांगता का येत नाही?

प्रश्न रास्त आहे, आणि बरेचदा त्याचे उत्तर कुणी देत नाही. काही गाठी नुसत्या दिसण्यावरून ओळखूच येत नाहीत. गर्भाशयाच्या एका दुर्मीळ कॅन्सरच्या बाबतीत तर ही अडचण पुन्हा पुन्हा येते. त्याचे नाव एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ‘ईएसएस’ म्हणतात.

भिंत एक, पेशी वेगवेगळ्या

गर्भाशयाची भिंत आतून बाहेर पाहत गेलो तर आधी अस्तर लागते, मग जाड स्नायू. अस्तर म्हणजे दर महिन्याला वाढणारा आणि पाळीत गळून जाणारा थर. त्यात नळीसारख्या ग्रंथी असतात आणि ग्रंथींच्या मधली जागा भरून काढणाऱ्या बारीक पेशी असतात. या भरावाच्या पेशींना स्ट्रोमा म्हणतात. गर्भाशयाचा नेहमी आढळणारा कॅन्सर ग्रंथींतून उगवतो. स्नायूतून फायब्रॉइड येतात. ते कॅन्सर नव्हेत, आणि प्रत्येक घरात कुणा ना कुणा बाईला ते असतातच. क्वचित त्याच स्नायूतून लायोमायोसार्कोमा नावाचा उग्र कॅन्सर निघतो. आणि त्याहूनही क्वचित स्ट्रोमाच्या पेशी बिघडतात, तो ईएसएस. स्नायू, चरबी, हाड, भरावाची ऊती अशा ठिकाणांहून निघणाऱ्या कॅन्सरना सार्कोमा म्हणतात. गर्भाशयाच्या एकूण कॅन्सरपैकी सगळे सार्कोमा मिळून ३ ते ७ टक्के भरतात. एकट्या ईएसएसचा वाटा एका टक्क्याच्या आसपासच.

याचा सौम्य दर्जाचा, म्हणजे ‘लो ग्रेड’ प्रकार जास्त फसवा आहे. बाई बहुधा चाळिशी-पन्नाशीतली. पाळीत अंगावरून खूप जाते, ओटीपोट दुखते, सोनोग्राफीत ‘फायब्रॉइड’ दिसतो. शस्त्रक्रिया होते तीही फायब्रॉइड समजूनच. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघाव्यात तर अगदी साळसूद. पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत अस्तरातला निरोगी स्ट्रोमा जसा दिसतो, जवळजवळ तशाच. विभाजन पावणाऱ्या पेशीही फार नाहीत. लबाडी दिसते ती त्यांच्या वागण्यात. या पेशींचे पुंजके जिभांसारखे स्नायूत घुसतात आणि शिरांमध्ये शिरून बसतात.

आता याच्या शेजारी ‘सेल्युलर लायोमायोमा’ ठेवा. हा दाट पेशींचा फायब्रॉइड, पूर्ण निरुपद्रवी. त्यातही बारीक, निळसर, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी. त्याची कडही कधी कधी सरळ नसते, आणि काही फायब्रॉइड तर शिरांमध्येही वाढतात. अनुभवी पॅथॉलॉजिस्टला रक्तवाहिन्यांच्या जाडीवरून अंदाज येतो, पण तो अंदाजच. एका बाजूला ‘घरी जा, काही नाही’ आणि दुसऱ्या बाजूला कॅन्सरचा उपचार, असा फरक असताना अंदाजावर सही कोण करील?

मेणात बसवलेला तुकडा

काढलेला अवयव आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, म्हणजे तो सडत नाही. फॉर्मॅलिन आत झिरपते ते ताशी जेमतेम मिलिमीटरभर. म्हणून मोठी पिशवी न कापता तशीच डब्यात टाकली तर बाहेरचा भाग टिकतो आणि मधला भाग डब्यातच कुजू लागतो. पुढच्या सगळ्या तपासण्यांचे भवितव्य इथे ठरते, आणि हे काम बहुतेक वेळा शस्त्रक्रियागृहातल्या घाईगर्दीत उरकले जाते.

मग निवडक तुकडे पॅराफिन मेणात बसवतात. हाच तो ‘ब्लॉक’. ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचेवर घेऊन रंगवला की स्लाइड तयार. नेहमीच्या रंगात पेशीचे केंद्रक निळे आणि बाकीचा भाग गुलाबी होतो. त्यातून पेशीचा आकार कळतो, रचना कळते. पेशीच्या आत कोणती प्रथिने आहेत, हे मात्र कळत नाही. आयएचसी, पूर्ण नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, ही तपासणी नेमकी तेवढ्यासाठी असते. ऊतीच्या कापावर एखादे ठरावीक प्रथिन आहे का, आणि असेल तर कुठे, हे रंगाने दाखवणे हे तिचे काम. अशा प्रथिनाला मार्कर म्हणतात.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. रक्तातून केल्या जाणाऱ्या सीए-१२५ सारख्या तपासण्यांनाही ‘ट्यूमर मार्कर’च म्हणतात. त्यांचा याच्याशी संबंध नाही. सीए-१२५ साध्या फायब्रॉइडमध्ये किंवा एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढू शकते, आणि ते ‘नॉर्मल’ आले म्हणून ईएसएस नाही असे ठरत नाही. ‘कॅन्सर पॅकेज’च्या नावाखाली रक्ताच्या अशा पाच-सहा चाचण्या सरसकट विकल्या जातात. ईएसएसच्या निदानासाठी त्या पैशांचा उपयोग शून्य.

तपकिरी रंग येतो कुठून?

जंतू शरीरात शिरले की शरीर अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, तयार करते हे कोविडनंतर सगळ्यांनाच माहीत झाले. अँटिबॉडीचा मुख्य गुण असा की ती ठरलेल्या एकाच लक्ष्याला चिकटते. मग त्या चिकटण्याचाच उपयोग शोधासाठी का करू नये? हा विचार अमेरिकेतल्या अल्बर्ट कून्स यांना सुचला. अँटिबॉडीला चमकणारे रसायन जोडता येते हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये दाखवले. (त्याच वर्षी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. व. रा. खानोलकरांकडे आली. भारतातल्या कॅन्सर-पॅथॉलॉजीचा पाया त्यांनी घातला. तेव्हा आयएचसी कुणाच्या गावीही नव्हते.) चमकणारा रंग पाहायला अंधारी खोली आणि खास सूक्ष्मदर्शक लागायचा. १९६६ मध्ये पॉल नाकाने यांनी चमकणाऱ्या रसायनाऐवजी एक एन्झाइम जोडले आणि काम साध्या सूक्ष्मदर्शकावर आले. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी एकाच जातीच्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची युक्ती शोधली. त्याबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले, आणि प्रयोगशाळांना एकसारखा माल मिळू लागला.

तरी एक अडचण उरलीच. फॉर्मॅलिन ऊती टिकवते ती प्रथिने एकमेकांना बांधून. त्या बांधाबांधीत अँटिबॉडीला चिकटायची जागाच झाकली जाते. १९९१ मध्ये शान-रोंग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काप पाण्यासारख्या द्रावणात मायक्रोवेव्हमध्ये तापवले. त्या उष्णतेने झाकलेल्या जागा उघड्या झाल्या. ऐकायला साधे, पण जगभरातले जुने ब्लॉक या एका युक्तीने पुन्हा कामाला आले. आजही कित्येक प्रयोगशाळांत याच पायरीसाठी प्रेशर कुकर वापरतात.

त्यापुढचा क्रम असा. काप तापवून झाला की रक्तपेशींमध्ये मुळातच असलेले एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडने निष्प्रभ करतात, नाहीतर नसत्या जागी रंग चढतो. मग पहिली अँटिबॉडी घालतात. बहुतेक वेळा ती उंदराकडून किंवा सशाकडून मिळवलेली असते. शोधायचे प्रथिन असेल तर ती तिथे चिकटते, नसेल तर धुण्यात वाहून जाते. त्यावर दुसरी अँटिबॉडी घालतात, ती पहिलीला धरते. हिच्या अंगावर एन्झाइम असते. हॉर्सरॅडिश नावाच्या, मुळ्याच्या जातीतल्या तिखट कंदातून ते काढतात. शेवटी डीएबी नावाचे रंगहीन रसायन घातले की एन्झाइम त्याचा तपकिरी थर तिथल्या तिथे बसवते. बाकी पेशींना फिका निळा रंग देतात. निळ्यात जिथे तपकिरी दिसेल तिथे प्रथिन आहे.

तपकिरी रंग आला म्हणजे रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहितात. आपल्याकडे हा शब्द वाचला की पोटात गोळा येतो. इथे त्याचा अर्थ ‘प्रथिन सापडले’ इतकाच. ज्या अँटिबॉडी लावतात त्यांतल्या बऱ्याच निरोगी पेशींनाही लागतात, किंबहुना लागायलाच हव्यात. त्याच कापावरच्या निरोगी अस्तराने आणि स्नायूने आपापला रंग धरला नसेल, तर गाठीने न धरलेल्या रंगालाही किंमत नाही. चांगला पॅथॉलॉजिस्ट गाठीकडे वळण्याआधी तिच्या शेजारच्या निरोगी पेशी पाहतो तो यासाठी.

एका मार्करवर भिस्त नको

आषाढी वारीत सगळे पांढऱ्या कपड्यांत, कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. लांबून कोण कुठला ते कळत नाही. शेजारी बसून चार वाक्ये झाली की कळते, हा वऱ्हाडातला, ही बाई खानदेशातली, ते आजोबा कोकणातले. पेशींचेही तसेच. दिसायला सारख्या, पण प्रत्येकीत आपल्या मूळ ठिकाणची प्रथिने असतात. स्नायूकडच्या पेशीत डेस्मिन आणि काल्डेस्मॉन ही आकुंचनाशी निगडित प्रथिने सापडतात. स्ट्रोमाच्या पेशीच्या आवरणावर सीडी-१० असते. आता गाठीत सीडी-१० ठळक, सर्वत्र आणि डेस्मिन-काल्डेस्मॉन नाही, असे आले तर कल ईएसएसकडे. उलट आले तर फायब्रॉइडकडे.

पण एका शब्दावरून माणसाचे गाव ठरवू नये, कारण शब्द उसनेही घेतलेले असतात. सीडी-१० चे मूळच बघा. हे प्रथिन आधी प्रसिद्ध झाले ते मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, आणि निरोगी मूत्रपिंडातही ते असते. दाट पेशींच्या फायब्रॉइडमध्येही ते अधूनमधून दिसते. डेस्मिनची तऱ्हा तशीच. ईएसएसच्या काही भागांत स्नायूसारख्या पेशी तयार होतात आणि तिथे डेस्मिन उमटते. म्हणून तीन-चार मार्करांचा गट, ज्याला पॅनेल म्हणतात, तो लावतात आणि रंग किती पेशींत, किती गडद, नेमका कुठल्या भागात हे मिळून वाचतात. काल्डेस्मॉन यात डेस्मिनपेक्षा भरवशाचे. खऱ्या ईएसएसमध्ये ते सहसा नसते.

म्हणून वीस मार्कर लावले की निदान पक्के होते असेही नाही. आधी स्लाइड नीट पाहून दोन-तीन शक्यता मांडायच्या आणि त्या वेगळ्या करतील तेवढेच मार्कर निवडायचे, हीच शहाणी पद्धत. लांबलचक यादी मला तरी काटेकोरपणापेक्षा डॉक्टरच्या गोंधळाची खूण वाटते.

चौकट : रिपोर्टमध्ये दिसणारी नावे

सीडी-१० : स्ट्रोमाच्या पेशींची खूण. ईएसएसमध्ये बहुधा ठळक.
डेस्मिन, काल्डेस्मॉन : स्नायूच्या पेशींची खूण. फायब्रॉइड आणि लायोमायोसार्कोमाकडे बोट.
ईआर, पीआर : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक. फायब्रॉइडमध्येही असतात, त्यामुळे वेगळे ओळखायला कमी आणि उपचार ठरवायला जास्त उपयोगी.
सायक्लिन डी-१, बीकॉर : उग्र प्रकारच्या ईएसएसची शंका आली की लावतात.
केआय-६७ : विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचे प्रमाण.
एचएमबी-४५, मेलन-ए : ‘पीईकोमा’ नावाची आणखी एक दुर्मीळ गाठ शोधण्यासाठी.

उग्र प्रकार वेगळाच निघाला

ईएसएसचा ‘हाय ग्रेड’ प्रकार म्हणजे सौम्य प्रकारच बिघडत गेलेला, अशी समजूत बराच काळ होती. गुणसूत्रांनी ती बदलली. सौम्य प्रकारात जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये ७ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जॅझएफ-१ आणि सूझ-१२ ही दोन जनुके एकमेकांना जोडली गेलेली असतात. हे २००१ मध्ये उजेडात आले. उग्र प्रकारातली मोडतोड निराळी. तिथे बरेचदा १० आणि १७ क्रमांकांची गुणसूत्रे गुंतलेली असतात, आणि ही जोडणी २०१२ मध्ये सापडली. तिचा ठसा मार्करांवरही उमटतो. या उग्र पेशींमध्ये सीडी-१० नाही, ईआर-पीआर नाही, आणि सायक्लिन डी-१ मात्र ७० टक्क्यांहून जास्त केंद्रकांत गडद. म्हणजे ज्या सीडी-१० वरून ईएसएस ओळखायचे तेच गायब. ज्याने फक्त सीडी-१० लावले तो इथे हमखास चुकणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात हे प्रकार त्यांच्या जनुकीय ओळखीसह नोंदलेले आहेत. मार्करांनीही उलगडा झाला नाही तर ‘फिश’ नावाची गुणसूत्रांची चाचणी किंवा जनुक-क्रमवाचन करून ही जोडणी थेट शोधतात.

रंग जिथे गप्प बसतो

स्ट्रोमाच्या पेशींची एक निरुपद्रवी गाठही असते, स्ट्रोमल नोड्यूल. तिच्यात आणि सौम्य ईएसएसमध्ये पेशी त्याच, मार्कर तेच, इतकेच काय, जॅझएफ-१ आणि सूझ-१२ ची जोडणीही तीच सापडते. फरक फक्त कडेचा. नोड्यूल स्नायूच्या हद्दीपाशी थांबते. फार तर दोन-एक ठिकाणी, ३ मिलिमीटरच्या आत, ती किंचित पुढे डोकावते. सार्कोमा हद्द ओलांडतो आणि शिरांत शिरतो. जगातली कुठलीही अँटिबॉडी हा फरक सांगू शकत नाही. त्यासाठी गाठीची पूर्ण कड स्नायूसकट डोळ्यांनी पाहावी लागते. क्युरेटिंगमध्ये खरवडून काढलेल्या तुकड्यांवरून म्हणूनच पॅथॉलॉजिस्ट ‘स्ट्रोमल ट्यूमर’ इतकेच लिहून थांबतो. ते त्याचे टाळणे नसते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मोठी पिशवी लहान छिद्रातून बाहेर काढण्यासाठी पोटातच यंत्राने तिचा चुरा करतात, त्याला मॉर्सेलेशन म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१४ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला. फायब्रॉइड म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीला न ओळखलेला सार्कोमा निघतो, असा त्यांचा हिशेब होता, आणि चुऱ्याबरोबर तो पोटभर पसरू शकतो. त्या चुऱ्यात गाठीची कडही नाहीशी होते, म्हणजे मार्कर जे सांगू शकत नाहीत ते सांगणारा पुरावाच संपतो.

उपचार कशाने बदलतो?

सौम्य ईएसएसच्या पेशी बहुधा ईआर-पीआर पॉझिटिव्ह असतात, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. त्यामुळे आजार परतला तर इस्ट्रोजेन घटवणारी लेट्रोझोल किंवा प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधे कित्येकींना वर्षानुवर्षे सांभाळतात. याच कारणाने पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी मिळणाऱ्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अशा बाईने टाळायच्या. टॅमॉक्सिफेनही टाळायचे, स्तनात ते इस्ट्रोजेनच्या विरुद्ध वागते, पण गर्भाशयाच्या ऊतीत इस्ट्रोजेनसारखेच. उग्र प्रकारात आणि लायोमायोसार्कोमात वाट वेगळी, तिथे केमोथेरपीचा विचार आधी होतो.

कधी मार्कर भलतीच दारे उघडतात. गर्भाशयातल्या काही दुर्मीळ गाठींमध्ये एएलके हे प्रथिन निघते आणि मग त्यावरची गोळी, क्रिझोटिनिब, वापरता येते. फायब्रॉइडमध्ये एफएच हे प्रथिन नाहीसे झालेले आढळले तर त्या बाईला, आणि तिच्या बहीण-भावांनाही, मूत्रपिंडाच्या एका आनुवंशिक कॅन्सरचा धोका असू शकतो. गाठ साधी, पण तिच्यावरून साऱ्या घराला तपासणी करून घ्यावी लागू शकते.

ब्लॉक कुणाचा?

सौम्य ईएसएस दहा-वीस वर्षांनीही परततो, बरेचदा फुप्फुसात. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी दिसतात, बाई सांगते, ‘फायब्रॉइड म्हणून पिशवी काढली होती, पण त्याला खूप वर्षे झाली.’ फुप्फुसाच्या तुकड्यावर सीडी-१० आणि ईआर लागले की संशय गर्भाशयाकडे वळतो आणि जुन्या ब्लॉकची शोधाशोध सुरू होते. तो ब्लॉक असेल तर दोन्ही गाठी शेजारी ठेवून निकाल लावता येतो.

म्हणून पिशवी किंवा गाठ काढली की ती प्रयोगशाळेत गेली का, पूर्ण गेली का, आणि लगेच फॉर्मॅलिनमध्ये गेली का, हे विचारा. ‘साधा फायब्रॉइड होता, पाठवायची गरज नाही’ हे उत्तर मान्य करू नका. रिपोर्टची मूळ प्रत जपा. प्रयोगशाळा ब्लॉक कायमचा ठेवीलच असे नाही, तेव्हा तो किती वर्षे ठेवतात ते विचारून ठेवा. दुसरे मत घ्यायचे असेल तर ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा आणि दिल्याची पोच घ्या. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरून आलेल्या रुग्णाच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात. नुसती रिपोर्टची फाइल घेऊन परळ गाठले तर एक फेरी वाया जाते. आणि ब्लॉक मेणाचा असतो, तेव्हा नेताना तो उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका.